डावीकडून तिसरी

हल्ली रविवारी सकाळी आमच्या रत्नागिरीत गळ्यात कॅमेरे अडकवलेली मंडळी दिसू लागली आहेत. एकटी-दुकटी नाहीत, चांगली पंधरा-वीस जणांची टोळी असते. कोणी डॉक्टर, कोणी बँकेतला, कोणी कॉलेजातली पोरं. जयस्तंभाकडून निघायचं, राम आळी, गोखले नाका, धनजी नाका असं रमतगमत जायचं आणि शेवटी मिरकरवाडा बंदरावर पोचायचं. वाटेत जे दिसेल त्याचे फोटो काढायचे. मग कुठेतरी बसून मिसळ-चहा. याला 'फोटो वॉक' म्हणतात असं मला सांगण्यात आलं. स्कॉट केल्बी नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने २००८ पासून जगभरात एकाच दिवशी असे फोटो वॉक भरवायला सुरुवात केली. मुंबई-पुण्यात तर ही गोष्ट आता जुनी झाली. आमच्याकडे जरा उशिरा आली, इतकंच. आमच्याकडे सगळंच जरा उशिरा येतं. आंबा सोडून!

सुरुवातीलाच सांगतो, मला हा प्रकार आवडतो. रविवारी सकाळी दहा वाजेपर्यंत लोळण्यापेक्षा आपल्या गावाच्या गल्ल्या पायी हिंडणं केव्हाही चांगलं. चारचाकीतून गाव दिसत नाही, दुचाकीवरून निम्मं दिसतं, आणि पायी हिंडलं तर गाव आपल्याशी बोलतं. माझी तक्रार फिरण्याबद्दल नाही आणि कॅमेऱ्याबद्दलही नाही. ती आहे फोटो काढून झाल्यानंतर जे होत नाही त्याबद्दल.

झालं असं, की या मंडळींत माझा एक जुना विद्यार्थी आहे. "सर, तुम्ही पण चला. गावाची माहिती सांगाल," म्हणाला. मास्तरला माहिती सांगायला बोलावलं की मास्तर नाही म्हणत नाही, हे त्याला शाळेपासून ठाऊक! गेलो. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान दाखवलं. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं आणि सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ साली सर्व जातींना खुलं झालेलं पतित पावन मंदिर दाखवलं. मंडळींनी ऐकून घेतलं, दोन-चार फोटो काढले; पण त्यांचं मन तिथे नव्हतं. त्यांना हवी होती 'लाइफ'. ती मिळाली बंदरावर.

मिरकरवाड्याची सकाळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांना काय सांगू! बोटी लागलेल्या असतात, खलाशी क्रेट उतरवत असतात, लिलाव पुकारले जात असतात, बर्फ फोडण्याचा आवाज, कावळे, बगळे, मांजरं, आणि या सगळ्यावरून तार स्वरात चाललेली भाव-घासाघीस. बांगडा, सुरमई, म्हाकूल, कोळंबी यांचे ढीग. उन्हाची तिरीप, पाण्यावरचे रंग. कॅमेरावाल्यांना आणखी काय पाहिजे? मंडळी अक्षरशः तुटून पडली.

एक वयस्कर बाई पाटीपुढे बसली होती. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, नाकात मोठी नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. एकाने कॅमेरा लावला, तो बघून दुसऱ्याने, मग पाच, मग बारा. अर्धगोल करून सगळे तिच्यासमोर उकिडवे बसले. तिने आधी पदर तोंडावर ओढला, मग हसली, मग वैतागली, कारण समोर गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा उरली नव्हती. तिच्या शेजारी जाळं उसवत बसलेला माणूस शांतपणे म्हणाला, "गेल्या वर्षी पण काढलात. ते फोटो गेले कुठं?"

कोणाकडेही उत्तर नव्हतं. एक जण हसला, एकाने "पाठवतो, पाठवतो" असं मोघम म्हटलं, आणि टोळी पुढे सरकली. मला मात्र त्या प्रश्नाने घरी आल्यावरही सोडलं नाही. किती सरळ प्रश्न आहे! खरंच, कुठं जातात ते फोटो?

काही फोटो प्रदर्शनात जातात. असं एक प्रदर्शन मी पाहिलं आहे. कोणाचं, कुठे, ते महत्त्वाचं नाही. तिथे मासळी बाजारातल्या एका बाईचा मोठा काळा-पांढरा फोटो होता. हनुवटीला हात लावून दूर कुठेतरी बघते आहे. खाली शीर्षक होतं, 'प्रतीक्षा'. बघणारे हळहळत होते. समुद्रावर गेलेल्या मुलाची वाट बघत असेल का, अशी कुजबुजही कानावर आली. मी त्या बाईला ओळखतो, बरीच वर्षं तिच्याकडून मासे घेतले आहेत. बाजारात भेटली तेव्हा तिला त्या फोटोबद्दल सांगितलं. ती खो-खो हसली. कॅमेरेवाला आला होता तो दिवस तिला आठवत होता. पाचशेची नोट घेऊन पोराला सुट्टे आणायला धाडलं होतं आणि ते कार्टं अर्धा तास आलं नाही, त्याची ती 'प्रतीक्षा' होती! मुलगा तिचा समुद्रावर जातच नाही, रिक्षा चालवतो. तिचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही म्हणून.

तुम्ही म्हणाल, मास्तर, यात बिघडलं काय? फोटो छान होता ना? होता. पण एका जित्याजागत्या, हिशेबाला पक्क्या बाईचं त्यात 'प्रतीक्षा' नावाचं भाववाचक नाम झालं. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, म्हणून मला हे जास्त खुपत असेल. विशेषनामाचं भाववाचक नाम केलं की माणूस गायब होतो. 'वार्धक्य', 'कष्ट', 'संघर्ष', 'निरागसता' ही प्रदर्शनातली नेहमीची शीर्षकं बघा. त्यात माणूस कोण, हे कुठेच नसतं. फोटो काढणाऱ्याचं नाव मात्र कोपऱ्यात असतं.

आमच्या शाळेत दर वर्षी दहावीच्या वर्गाचा फोटो निघायचा. फोटोग्राफर यायचा, बाकं मांडायचा, उंच पोरं मागे, बुटकी पुढे, शिक्षक खुर्च्यांवर मध्ये. फोटो धुऊन आला की पुठ्ठ्यावर चिकटवलेला असायचा आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं असायचं: 'बसलेले, डावीकडून', 'उभे, पहिली रांग, डावीकडून'. प्रत्येकाचं नाव, आडनाव, आद्याक्षरासकट. वर्गात सगळ्यात ढ असलेल्या पोराचंही नाव असायचं. आणि प्रत्येकाला एक प्रत मिळायची. कला म्हणून त्या फोटोंना कोणी बक्षीस देणार नाही. पण चाळीस वर्षांनी घरात तो पुठ्ठा निघाला की नातवंडं विचारतात, "आजी, यात तू कुठली?" आणि आजी बोट ठेवते, "ही काय, डावीकडून तिसरी." एवढं साधं सुख रस्त्यावर काढलेल्या हजारो फोटोंतल्या माणसांना मिळत नाही.

बरं, हे आजचंच आहे असंही नाही. छायाचित्रणाची कला फ्रान्स सरकारने १८३९ साली १९ ऑगस्टला जगाला खुली केली, म्हणून तो दिवस आपण जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळतो. त्यानंतर पंधराच वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली होती. लंडनच्या संस्थेनंतर पुढच्याच वर्षी! डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या काळातले आपले मराठी छायाचित्रकार. म्हणजे कॅमेऱ्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं मुळीच मागे नव्हतो.

पण त्याच काळात दुसरंही एक सुरू झालं. विल्यम जॉन्सन नावाच्या गोऱ्या छायाचित्रकाराने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून १८६३ आणि १८६६ साली दोन खंड प्रसिद्ध केले. पुढे सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. त्यात माणसं मांडलीत ती बहुतेक जात, जमात, धंदा यांच्या नमुन्याप्रमाणे. फुलपाखरांच्या संग्रहात टाचणीने टोचून खाली जातीचं नाव लिहितात ना, तसं. साहेबाला या देशावर राज्य करायचं होतं, त्याला नमुने हवे होते. आपल्याला कशाला हवेत? आपण तर याच गावचे, याच बाजारात मासे घेणारे. मग आपल्याही कॅमेऱ्यातून कोळीण 'नमुना' म्हणूनच का दिसावी?

रत्नागिरीला याचा अनुभव वेगळ्या तऱ्हेने आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून इथे कैदेत होता. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० साली राहायला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याची एक नात, टूटू, पुढे रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी संसार केला आणि २००० साली गेली. बाहेरून येणाऱ्याला तिच्यात दिसायची ती राजाच्या घराण्याची पडझड. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसायची ती रोजच्या उठण्याबसण्यातली बाई. दोन्ही खरंच. पण दुसरं खरं दिसायला शेजार लागतो, निदान चार शब्द बोलावे लागतात. लांब भिंगातून ते दिसत नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. १९३६ सालच्या मंदीत डोरोथिया लँग नावाच्या छायाचित्रकार बाईंनी कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेतावरच्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. दोन मुलं तिच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेली, मांडीवर तान्हं. 'मायग्रंट मदर' म्हणून तो फोटो जगभर गाजला. वर्तमानपत्रात छापून आल्यावर सरकारने त्या तळावर अन्न पाठवलं. पण तोवर ती बाई मुलाबाळांना घेऊन पुढे निघून गेलेली होती. तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. हे नाव जगाला कळलं १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी! तेव्हा तिने जे सांगितलं त्याचा मतलब असा: फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, माझं नाव विचारलं नाही, प्रत पाठवते म्हणाल्या, ती कधी आली नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ साली ती आजारी पडली तेव्हा त्याच फोटोच्या पुण्याईने लोकांनी पस्तीस हजार डॉलरहून जास्त मदत तिच्यासाठी पाठवली. लँगबाई वाईट नव्हत्या. कळवळ्याने काम करणाऱ्या होत्या, आणि त्या फोटोने गरिबांचं भलंच केलं. पण नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. एवढ्या मोठ्या कामातही ती लहानशी गोष्ट बोचत राहिली. मग आपण तर रविवारचे हौशी लोक. आपल्या फोटोने कोणाच्या तळावर धान्य येणार नाही. आपल्याकडून निदान प्रत तरी यावी!

आता आक्षेप. माझ्या विद्यार्थ्यानेच घेतला. "सर, विचारलं की माणूस सावध होतो. सहजपणा जातो. कॅमेऱ्याकडे बघून दात काढतो. मग फोटोत मजा राहत नाही." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा गुरू मानला जातो. आपला कॅमेरा कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो त्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा. नेमका क्षण टिपायचा तर हे करावं लागतं. पण गंमत बघा, हाच माणूस स्वतःचा फोटो कोणी काढू लागलं की टाळायचा. आपला चेहरा आपला असतो, हे त्यालाही कळत होतं की!

शिवाय तो एकटा हिंडायचा. वीस जणांच्या टोळीने कुठला सहजपणा टिपणार? वीस कॅमेरे समोर आल्यावर जो सहजपणा उरत नाही, तो नाव विचारल्याने काय आणखी जाणार? आणि मी कुठे म्हणतो की आधीच विचारा? क्षण टिपा, मग कॅमेरा खाली करा, पुढे व्हा, फोटो दाखवा, नाव विचारा. "नको, पुसून टाका" म्हणाली तर पुसून टाका. आता रीळ नाही, खर्चही नाही.

"सार्वजनिक जागा आहे, कायद्याने बंदी नाही," असंही एक जण म्हणाला. बरोबर. बाजारात फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं आहे की खासगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. रस्त्यावर बसून मासे विकणाऱ्या बाईचं घर चार भिंतींत असतं तसं थोडं तिच्या पाटीभोवतीही असतं. आणि कायदा जाऊ दे. पाहुण्याच्या घरी गेल्यावर त्याच्या ताटात वाकून बघायला कायद्याने कुठे बंदी आहे? आपण बघत नाही. आईबापांनी तसं वळण लावलं म्हणून.

तिसरा आक्षेप जरा आधुनिक होता. "सर, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे. त्यांना आपल्या फोटोचं काय कौतुक?" मी म्हटलं, मोबाईल आहे म्हणूनच तर सोपं झालं! पूर्वी प्रत द्यायची तर फोटो धुवा, पत्ता शोधा, पोस्टात टाका. आता नंबर विचारला की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांत काम. बंदरावरच्या बोटींवर किती नेपाळी खलाशी असतात. घर हजारो मैल लांब. बोटीवर उभं राहून काढलेला स्वतःचा एक चांगला फोटो गावाकडे आईला पाठवायला मिळाला तर त्या पोराला काय वाटेल, विचार करा. स्वतःच्या मोबाईलवर हात लांब करून काढलेला फोटो वेगळा आणि लाखभराच्या कॅमेऱ्याने जाणत्या माणसाने काढलेला वेगळा.

एवढं सगळं बोलून पुन्हा सांगतो, फिरणं थांबवू नका. कारण गाव बदलतंय, आणि फार झपाट्याने. २०२५ च्या जानेवारीत मिरकरवाडा बंदरातली अनधिकृत बांधकामं सरकारने पाडली. ती पाडायला हवी होती की नव्हती, यावर मी इथे वाद घालत नाही. पण वर्षानुवर्षं ज्या झोपड्यांत, शेडमध्ये जाळी ठेवली, बर्फ ठेवला, दुपारची डुलकी काढली, त्या दिसेनाशा झाल्या. त्या कशा होत्या हे उद्या कोणाला दाखवायचं असेल तर या रविवारच्या मंडळींकडेच हात पसरावा लागणार. कौलारू घरं जाऊन इमारती येतायत, ओट्या जातायत, दुकानांच्या लाकडी फळ्या जाऊन शटरं आलीच. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा शाकारून ठेवलेल्या बोटी, जाळी दुरुस्त करणारी माणसं, शिमग्यात भैरीबुवाच्या पालखीला खांदा देणारी पोरं... हे सगळं टिपून ठेवायला हवं. पण नावासकट! तारीख, वाडी, माणूस. पन्नास वर्षांनी 'प्रतीक्षा' या शीर्षकाचा कोणाला काही उपयोग होणार नाही. 'मिरकरवाडा, अमुक साल, डावीकडून तिसरी अमुक' याचा होईल.

जवळ राहून काम करता येतं, हे आपल्याच माणसांनी दाखवलं आहे. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. गटारात उतरणाऱ्या माणसांच्या जगण्यावर त्यांनी कॅमेरा नेला, तो एका रविवारच्या फेरीपुरता नव्हे. सगळ्यांना ते जमणार नाही, मान्य. पण वर्षातून चार वेगवेगळ्या गावी जाण्याऐवजी एकाच वाडीत चारदा जाणं जमेल की नाही?

मंडळींना मी सुचवलं ते साधंच आहे. एका ठिकाणी एका वेळी दोन-तीन जणांहून जास्त जाऊ नये, गिऱ्हाइकाची वाट अडवू नये. ज्याचा फोटो काढला त्याला तिथल्या तिथे दाखवावा. नाव विचारून वहीत लिहावं. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नयेत. वर्षातून एकदा निवडक फोटो छापून त्याच वाडीत, तिथल्या देवळात, जमातखान्यात किंवा शाळेच्या भिंतीवर प्रदर्शन लावावं. उद्घाटनाला कोणी पुढारी नको. शेवटच्या दिवशी फोटो उतरवून ज्याचा त्याला देऊन टाकावा. एका वेळच्या मिसळीच्या खर्चात चार-पाच फोटो छापून होतील.

मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्र काढतो, आठवण काढतो, तशीच ही क्रिया. पण आपण कर्जसुद्धा 'काढतो', आणि काढलेलं कर्ज फेडायचं असतं.

माझा विद्यार्थी हे ऐकून थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात परत मिरकरवाडाच ठरलंय. याल का सर?" म्हटलं येईन, पण एका अटीवर. गेल्या वर्षीचे फोटो छापून पिशवीत घ्या, आणि सगळ्यात आधी त्या जाळंवाल्याकडे जाऊ. इतिहासाची माहिती मग सांगेन.